यादीत तळाला होती ती लोकल

कुठल्या भारतीय गाडीचं छोटं, चालतं मॉडेल निघावं, याच्या आमच्या पहिल्या यादीत सगळ्यात वर वंदे भारत होती. तिच्याखाली डेक्कन क्वीन, मग ‘खेकडा’ म्हणतात ते जुनं विजेचं इंजिन, मग डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन, माथेरानचं इंजिन, फ्लाइंग राणीचे डबलडेकर डबे, आणि असं उतरत उतरत पार तळाला लोकल. तीसुद्धा कुणीतरी ‘असू द्या, मुंबईकर आहोत शेवटी’ म्हणून टाकलेली.

आम्ही म्हणजे मॉडेल रेल्वेचं वेड असलेली दहाबारा माणसं. बँकेतले, कॉलेजातले, एक दातांचे डॉक्टर आणि आमच्यात सर्वांत ज्येष्ठ म्हणजे निवृत्त मोटरमन. त्यांना सगळे काकाच म्हणतात. मी डाय डिझाइनर आहे, म्हणजे प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे आखतो. त्यामुळे ‘कंपन्यांनी हे मॉडेल काढायला हवं’ अशी चर्चा सुरू झाली की माझ्या डोक्यात आधी साचा उभा राहतो आणि मग त्याचं बिल. हौशी माणसाला हे लक्षण चांगलं नाही, पण या कामात ते उपयोगी पडलं.

आपल्या गाड्यांची चालती, स्केलमधली मॉडेल्स विकत घ्यायची तर निवड फार थोडी. युरोपात आणि अमेरिकेत ज्या गाड्यांना कुणी कुत्रं विचारत नव्हतं त्यांचीही तीन-तीन कंपन्यांची मॉडेल्स मिळतात. परदेशी गाडी मागवून तिला भारतीय रंग द्यावा म्हटलं, तर कस्टम्स आडवं येतं. मॉडेल रेल्वे खेळण्यांच्याच शीर्षकात मोडते आणि खेळण्यांवरची ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. म्हणून ठरवलं की नुसतं हळहळण्यापेक्षा नीट यादी करायची, त्यातली एक गाडी निवडायची, आणि ती घेऊन एखाद्या उत्पादकाच्या दारात जायचं.

बैठक काकांच्या दादरच्या घरी. प्रत्येकानं आपल्या गाडीची वकिली करायची. सगळ्यात जोरात वकिली झाली खेकड्याची. डब्ल्यूसीजी-१ हे तिचं कागदावरचं नाव. स्वित्झर्लंडच्या एसएलएम कारखान्याचं डिझाइन, १९२८ च्या सुमाराला जीआयपी रेल्वेवर (म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवर) आलेलं मालगाडीचं विजेचं इंजिन. एकूण ४१ बनली, त्यातली बहुतेक इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. मध्ये केबिन, पुढेमागे लांब नाकं, आणि चाकांना जोडणारे रॉड. सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत ‘सर लेस्ली विल्सन’ उभं आहे, ते याच जातीचं. तिचे स्विस भाऊबंद ‘क्रोकोडाइल’ म्हणून जगभर प्रसिद्ध आहेत आणि मार्क्लिन ही जर्मन मॉडेल कंपनी त्यांचं मॉडेल गेली कित्येक दशकं विकतेय. आमचे डॉक्टर म्हणाले, “मगर चालते, मग खेकडा का नाही?” काकांनी कर्जत-लोणावळा घाटात, सदतिसास एकच्या चढावर, खेकड्याचं कण्हणं कानांनी ऐकलेलं. ते आवाज काढून दाखवायला लागले तेव्हा काकू आतून म्हणाल्या, “शेजारी झोपलेत.”

पण साच्याच्या नजरेनं बघा. शरीर तीन तुकड्यांचं, वळणावर मोडणारं. रॉड हलायला हवेत, आणि दोन्ही बाजूंचे एकाच लयीत. प्रत्येक रॉड धातूचा, प्रत्येक पिन वेगळी. आणि एवढं करून जे तयार होणार ते इंजिन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पार संपलेलं. ते आठवणाऱ्या लोकांचं वय आता काय असेल? खेकडा मला स्वतःला हवाय. पण उत्पादकानं पहिली भारतीय गाडी म्हणून खेकडा काढला तर ती त्याची शेवटची भारतीय गाडी ठरेल, हे मी तिथे स्पष्ट बोललो. डॉक्टर माझ्याशी त्या दिवशी परत बोलले नाहीत.

डेक्कन क्वीनचं दुखणं वेगळं. १ जून १९३० ला सुटलेली गाडी, नाव एकच, पण डबे किती वेळा बदलले! कुणाला निळी-पांढरी हवी, कुणाला अगदी जुनी, तर कॉलेजातल्या मुलाला २०२२ नंतरची, नव्या बनावटीच्या एलएचबी डब्यांची. म्हणजे एका नावाखाली तीन-चार वेगळ्या गाड्या, आणि प्रत्येकीचे साचे निराळे. फ्लाइंग राणीचे डबलडेकर १९७९ ते २०२३ धावले; त्यांच्यावर सुरतेकडच्या माणसांचं फार प्रेम, पण मुंबईबाहेर ओळख कमी. माथेरानची छोटी इंजिनं १९०७ ची, जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेलची, आणि दोन फुटी रुळांची. ती वेगळ्या मापाच्या रुळांवर चालणार, त्यामुळे ज्याच्याकडे नॅरो गेजचा लेआउट, म्हणजे मांडलेला रुळमार्ग, नाही तो घेणार नाही. वंदे भारत खरोखर खपली असती, यात वाद नाही. पण तिची खेळणी आधीच बाजारात रस्त्यावर मिळतात, आणि मोठी कंपनी आली तर ती पहिली तीच काढणार. त्यासाठी आमच्या शिफारशीची गरज नव्हती.

यादी अशी गाळत गेलो तेव्हा तळाची गाडी वर आली. लोकलमध्ये उत्पादकाला जे लागतं ते सगळं आहे. एका डब्याचा साचा केला की बाजूंचे इन्सर्ट, म्हणजे साच्यातले सुटे तुकडे, बदलून दुसरा डबा होतो. इंजिन वेगळं लागत नाही, मोटर कोच (मोटर असलेला डबा) आणि ट्रेलर (बिनमोटरचा डबा) यांची लांबी-रुंदी, छताचा घाट सारखाच. तीन डब्यांचा संच विकता येतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येऊन आणखी तीन घेऊ शकतं. आणि ती बघितली नाही असा मुंबईत माणूस नाही. काका हसून म्हणाले, “तीस वर्षं चालवली, पण मॉडेल म्हणून कधी मागितली नाही बघ.”

मग नवा वाद, कुठली लोकल. काकांना पिवळी-चॉकलेटी हवी होती, जुनी डीसीवाली. त्यांचा मुद्दा भावनेचा होता पण पोकळ नव्हता. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर, हार्बरच्या मार्गावर. आणि शेवटची डीसी लोकलही हार्बरवरच, कुर्ल्याहून सीएसटीकडे, एप्रिल २०१६ मध्ये. “एक्क्याण्णव वर्षांची गोष्ट आहे, आणि तिचं एक धड मॉडेल नाही,” ते म्हणाले. तरुण मंडळींना जांभळी-पांढरी हवी होती, म्हणजे २००७ पासून आलेली सिमेन्स रेक (रेक म्हणजे डब्यांची अख्खी जोडलेली गाडी).

मी जांभळीच्या बाजूनं बोललो आणि कारण साधं होतं. जुनी गाडी फोटोंत उरलीय, नवी रोज प्लॅटफॉर्मला लागते. टेप घेऊन तिच्याजवळ जाता येतं. काकांनी थोडा वेळ घेतला, मग म्हणाले, “ठीक. पण दुसरी माझी.”

आता स्केल. इथे बाहेरच्या वाचकाला थोडं समजावून सांगायला हवं, कारण या हौसेत माणसं मैत्री तोडतात ती इथेच. सगळ्यात जास्त चालणारं स्केल एचओ, म्हणजे खऱ्याच्या १/८७. त्याचे रुळ १६.५ मि.मी. अंतरावर. १६.५ गुणिले ८७ केलं की १४३५ येतात, म्हणजे युरोपचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मि.मी. त्याला ८७ नं भागलं तर १९.३ यायला हवेत. म्हणजे बाजारातल्या रुळांवर आपली गाडी ठेवली की रुळ जवळपास तीन मिलिमीटरनं अरुंद. इतर गाड्यांत ते खपून जातं. पण मुंबईची लोकल बारा फूट रुंद, ३६६० मि.मी.; लांबच्या गाड्यांचा, आयसीएफ कारखान्याचा साधा डबा ३२४५ चा. मॉडेलमध्ये लोकल ४२ मि.मी. रुंद होते आणि खाली साडेसोळाचे रुळ. समोरून बघितली की गाडी अरुंद पाटावर मांडी घालून बसलेल्या जाड्या माणसासारखी दिसते.

उपाय तीन. एक, १९.३ चे रुळ स्वतः टाकायचे. मग जगातलं कुठलंही तयार इंजिन, रुळ बदलायचा पॉइंट, काही चालत नाही. दोन, स्केलच बदलायचं: १६७६ भागिले १६.५ केलं तर साधारण १/१०२ येतं, रुळ बरोबर दिसतात. पण मग माणसं, मोटारी, झाडं सगळीच बेमाप. तीन, डोळेझाक. ब्रिटनमधले लोक ओओ स्केलमध्ये हेच करत आलेत, गाडी १/७६ ची आणि रुळ एचओचे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते खुशीत आहेत. मतदान झालं, डोळेझाक जिंकली. विरोधात मत देणारा बँकेतला सदस्य आजही आम्हाला ‘नॅरो गेजवाले’ म्हणतो.

मग परदेशी कंपन्यांना पत्रं लिहिली. एकीनं उत्तर दिलं नाही. एकीनं फार सभ्य नकार कळवला, पण जाता जाता तीन प्रश्न विचारले आणि ते प्रश्न माझ्या मते सगळ्या पत्रव्यवहारातलं मोलाचं हशील. तुमच्याकडे मापांची ड्रॉइंग आहेत का? एका साच्यातून किती प्रकार निघतील? आणि आगाऊ पैसे भरणारे किती? गाडी किती सुंदर आहे, तिचा इतिहास काय, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही, आणि आमच्या पत्राची दोन पानं त्याच गोष्टींनी भरलेली.

ड्रॉइंगचं काम मी अंगावर घेतलं. समोरून फोटो घेतला की डब्याची ३६६० रुंदी हाताशी असते, तिच्यावरून उंची आणि काचा काढता येतात. बाजूचा फोटो अवघड, कारण गाडी लांब आणि प्लॅटफॉर्म जवळ. समोरच्या प्लॅटफॉर्मवरून तुकड्यातुकड्यानं घ्यावा लागतो आणि नेमकी तेव्हाच मधल्या लाइनवर फास्ट येते. दाराची रुंदी, खिडकीची चौकट, दोन खिडक्यांमधलं अंतर ही मापं टेपनंच घ्यायची होती. मुलुंडला गाडी थांबते ती मोजके सेकंद, तिथे काय मोजणार! त्यामुळे रात्री उशिरा टर्मिनसला, रिकामी गाडी उभी असताना, डॉक्टर टेप धरायचे आणि मी लिहायचो. एकदा एका पोलिसानं हटकलं. डॉक्टरांनी सांगितलं, “लोकलचं मॉडेल करायचंय.” तो म्हणाला, “लोकलचं? लोकलचं कशाला?” आणि मग स्वतःच सुचवलं की करायचंच तर डेक्कन क्वीनचं करा.

छताची मापं काकांच्या ओळखीनं आणि पुलांवरून घेतलेल्या फोटोंनी मिळाली. सिमेन्स रेकच्या छतावर हवा आत ढकलणारे ब्लोअर बसवलेले आहेत, त्यांचे उंचवटे. रोजच्या प्रवाशाला ते कधी दिसत नाहीत. मॉडेलवाल्याला मात्र सगळ्यात आधी छतच दिसतं, कारण टेबलावरची गाडी आपण वरूनच बघतो. मोटर कोचवरचा, तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ, त्याखालचे इन्सुलेटर, मोटरमनच्या काचेवरची दगडांपासून वाचवणारी जाळी, या सगळ्याचे जवळून फोटो लागले. ती जाळी १/८७ मध्ये प्लॅस्टिकची होऊच शकत नाही, तिला पितळेच्या पातळ पत्र्यावर फोटो-एचिंगच, म्हणजे रसायनानं कोरणंच, हवं. चाकांचं मात्र नशीब चांगलं. मोटर कोचचं नवं चाक ९५२ मि.मी., म्हणजे एचओत जेमतेम ११, आणि ११ मि.मी.चं चाक युरोपीय सुट्या भागांत सर्रास मिळतं.

आणि दारं! कंपन्यांशी बोलताना हे पटवून देणं सगळ्यात जड गेलं. जगातल्या बहुतेक उपनगरी गाड्यांच्या मॉडेलची दारं बंद असतात, कारण खऱ्या गाडीचीही धावताना बंदच असतात. आमच्या साध्या लोकलची दारं उघडी हवीत. बंद दारांची जांभळी लोकल कुणाही मुंबईकराला दाखवा, तो म्हणेल गाडी कारशेडला चाललीय. पण दार उघडं ठेवलं की आतलं सगळं दिसतं. मग मधला खांब हवा, हँडल हव्यात, समोरासमोरची बाकं हवीत. शिवाय भिंतीची जाडी उघडी पडते. साच्यात एक मिलिमीटरची भिंत ही अगदी नेहमीची गोष्ट, पण ८७ पट केली की ती ८७ मिलिमीटरची, किल्ल्याची भिंत होते. त्यावर मी दाराच्या कडेलाच भिंत आतून तासून पातळ करायची युक्ती काढली. बाकी ठिकाणी जाडच ठेवली. बाहेरून बघणाऱ्याला पत्रा वाटतो.

दारं उघडी, मग दारात माणसं हवीत. यावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. एचओची माणसं पाकिटात मिळतात, जर्मन कंपन्यांची तर अप्रतिम. पण ती ओव्हरकोट घालतात, हॅट घालतात, सुटकेस घेऊन एकमेकांपासून चांगली हातभर अंतर ठेवून उभी राहतात. हॅट घातलेला माणूस विरार लोकलच्या दारात किती वेळ टिकेल? त्यामुळे आमच्या विश लिस्टमध्ये गाडीइतकीच महत्त्वाची एक वेगळी मागणी जन्माला आली: मुंबईच्या प्रवाशांचा संच. एक हात वर करून हँडल धरलेले. पाठीवरची सॅक पोटाशी घेतलेले. तीन जणांच्या बाकावर अर्धी मांडी टेकून बसलेला चौथा. साडी नेसून, खांद्याला पर्स लावून उभ्या बायका. डोक्यावर पाटी घेतलेला डबेवाला, लगेजच्या डब्यासाठी. बाकावर बसून भाजी निवडणारी बाई हवीच, असं आमच्यातल्या दोघींनी एकदम सांगितलं. हा संच कुणी काढला तर लोकल नसलेले लोकही घेतील, प्लॅटफॉर्मवर उभा करायला. पिवळ्या पाटीवर तीन भाषांत लिहिलेलं स्टेशनाचं नाव आणि पादचारी पूल यांचंही तसंच. पण माणसं आधी.

तिसरा प्रश्न पैशांचा. यादीवर मतं मागवली तेव्हा हात वर करणारे खूप. तीन डब्यांच्या संचासाठी अर्धी रक्कम आगाऊ भरा म्हटलं आणि हात खाली यायला लागले. ‘आधी बनू दे’, ‘पुढच्या महिन्यात’, ‘बारा डब्यांची असती तर घेतली असती’. बारा डब्यांची एचओत जवळजवळ तीन मीटर होते. दहा बाय बाराच्या खोलीत ती भिंतीला लावून ठेवता येईल, चालवता येणार नाही. मला या लोकांचा राग आला नाही. हौस म्हणजे बऱ्याचदा यादी करण्याचीच हौस असते, आणि त्यात वाईट काही नाही. पण उत्पादकाला हात दाखवून उपयोग नाही. शेवटी जे भरणारे उरले ते पोलादी साच्यासाठी फारच कमी होते.

म्हणून वसईला गेलो. एका औद्योगिक वसाहतीतला गाळा, पुढे इंजेक्शनची दोन मशीनं, मागे छोटी टूलरूम. मालकांशी माझा कामाचा जुना संबंध. ड्रॉइंग बघून ते म्हणाले, “साहेब, हे माझ्या बाटल्यांच्या बुचांपेक्षा देखणं आहे. पण बुचं लाखांत जातात. हे किती?” मी आकडा सांगितला. त्यांनी ड्रॉइंग परत माझ्या हातात दिलं, आणि मग चहा मागवला. गाळ्यावर चहा आला की बोलणी अजून चालू आहेत असं समजायचं.

तासाभरात असं ठरलं: पोलादी साचा नाही, अ‍ॅल्युमिनियमचाही नाही. बॉडीचा मास्टर, म्हणजे मूळ नमुना, थ्रीडी प्रिंट करायचा, त्यावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतायचं. सिलिकॉनचा साचा वीस-पंचवीस ओतकामांत दम तोडतो, मग मास्टरवरून नवा. प्रत्येक नग महाग पडतो, पण सुरुवातीचा खर्च आमच्या आवाक्यात. मोटर बोगी, म्हणजे मोटरसकट चाकांचा सांगाडा, बाहेरून मागवायची, ड्युटी भरून. चेसिस, छत आणि बॉडी इथली. जाळी आणि पेंटोग्राफ एचिंगचे. एलईडी आणि तारा लॅमिंग्टन रोडच्या.

मास्टरनं मात्र जीव काढला. रेझिन प्रिंटमध्ये एवढा लांब, पातळ भिंतींचा तुकडा सरळ राहत नाही. सुकताना टोकं उचलतो. दोन भागांत छापून दाराच्या कडेला सांधला तेव्हा कुठे सरळ आला, दार उघडं असल्याचा हा एक फायदा. थरांच्या रेषा पॉलिश पेपरनं घासताना खिडक्यांच्या चौकटी झिजणार नाहीत हे बघायचं. ते काम डॉक्टरांनी केलं, दातांवर वापरतात तशा बारीक अवजारांनी, आणि इतकं सुरेख केलं की खेकड्यावरून धरलेला अबोला त्यांनी त्यातच विसरून टाकला असावा.

पहिला ओतलेला नमुना आला तो करड्या रंगाचा. ग्रुपवर फोटो टाकला. ज्यांनी पैसे भरले नव्हते त्यांनी सगळ्यात जास्त चुका काढल्या, आणि काही अगदी बरोबर होत्या. ब्लोअरचे उंचवटे बुटके होते. छताची गोलाई कडेला जरा जास्त उतरत होती, त्यामुळे गाडी म्हातारी दिसत होती. आणि काका एकच गोष्ट बघत बसले, मोटरमनची काच. “डोळे बारीक झालेत हिचे,” ते म्हणाले. मोजलं तर उंचीत अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक. ज्यानं तीस वर्षं लोकलच्या काचेतून बाहेर बघितलं त्याला तो दिसला. मास्टर पुन्हा घासला.

जांभळ्या रंगावरून शेवटची भांडणं झाली. प्लॅटफॉर्मवर दोन रेक शेजारी उभ्या राहिल्या तरी दोघींचा जांभळा सारखा नसतो, एक ताजी रंगवलेली, एक चार पावसाळे काढलेली. आमचा पहिला नमुना वांगी झाला. दुसरा जरा फिका. मतं अर्धी-अर्धी पडली तेव्हा तोच ठेवला, कारण छोट्या वस्तूवर गडद रंग खऱ्याहून गडद वाटतो आणि घरातल्या दिव्याखाली तर आणखीच.

संच आता पैसे भरणाऱ्यांच्या घरी पोचलेत, मोटर कोच एक आणि ट्रेलर दोन. रंगाचं काम घाईत झालेल्या दोन-तीन संचांवर फर्स्ट क्लासचे पट्टे किंचित जास्तच तिरके आहेत, त्यांना नवी डिकॅल, म्हणजे डब्यावर चिकटवायची छापील चित्रं, पाठवायचीत. गंमत म्हणजे डबे पोचल्यावर ‘आम्हालाही हवेत’ म्हणणारे वाढले आणि या वेळी ते आगाऊ रक्कम विचारत आहेत. वसईच्या शेठनी अ‍ॅल्युमिनियमच्या साच्याचा अंदाज स्वतःहून पाठवलाय. त्यांना बुचांमध्ये फारसा रस उरलेला दिसत नाही.

दुसरी गाडी काकांची पिवळी-चॉकलेटी, हे ठरलेलं आहे. तिची ड्रॉइंग जुन्या फोटोंवरून आणि त्यांच्या आठवणीवरून काढतोय. खिडक्या लहान, शटरच्या, छत साधं. प्रवाशांचा संच तिसरा हवा असं माझं मत. डॉक्टरांनी मात्र परवा खेकड्याचा चाकांचा भाग पितळेत करून आणला, रॉडसकट. टेबलावर ढकलला तर दोन्ही बाजूंचे रॉड खरोखर एका लयीत फिरले. “आता बोला साचावाले,” ते म्हणाले. मी म्हटलं, आधी आगाऊ भरणारे किती ते सांगा. तेवढ्यात काकांनी पाकीट काढलं.